मुठीचं मडकं

आमच्या घरात चुलीच्या उजव्या हाताला, कोनाड्याखाली एक मडकं असायचं. काळं, पोटाला मोठं, गळ्याला चिंधी बांधलेलं. त्यात घालायची मुभा सगळ्यांना होती, काढायची कुणालाच नव्हती. चूल पेटवायच्या आधी माय ज्वारीच्या पोत्यात हात घालायची, मूठ भरायची, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची आणि ती मूठ मडक्यात सोडायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मगच काडी ओढायची. पाहुणा आला म्हणून मूठ वाढत नव्हती आणि घरात भांडण झालं म्हणून चुकत नव्हती. बापूंशी, म्हणजे वडिलांशी, वाजलेलं असलं की ती मूठ जरा आपटून पडायची, एवढंच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी हे मडकं डोक्यावर घेऊन माय चर्चला जायची. आमच्या मेथॉडिस्ट मंडळीतल्या प्रत्येक घरात असं एकेक होतं, कुठं मडकं, कुठं डालड्याचा डबा. त्याला सगळे मुठीचं मडकं म्हणायचे. देवाचं मडकं कुणी म्हणत नसे, कारण त्यातलं धान्य देव खात नव्हता. ते कुणाच्या तरी घरी जायचं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, हसनाबादहून पायी जाण्यासारखं. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत, आणि त्यातली दोघं तरी मला फोन करून जाब विचारतील अशी आहेत. वस्तीत निम्मी घरं जय भीम म्हणणारी, निम्मी ख्रिस्ती, सलाम म्हणणारी. माझे सख्खे चुलते पहिल्यातले, आम्ही दुसऱ्यातले, मधली भिंत एकच. नाताळच्या करंज्या तिकडं जायच्या आणि बुद्ध पौर्णिमेची खीर इकडं यायची, आणि दोन्ही जावा एकमेकींच्या पदार्थाला न चुकता नावं ठेवायच्या. चर्च म्हणजे दगडी भिंती, वर पत्रे, खाली सतरंज्या. घंटा नव्हती. लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो लोखंडी कांबीनं बडवायचा मान शिमोनकाकांचा होता. तो आवाज ऐकून वस्तीतली कुत्री आधी चर्चला पोचायची, माणसं नंतर. पेटीचे दोन सूर रुसलेले होते, त्यामुळे आमच्या मंडळीत सगळी भजनं त्या दोन सुरांना वळसा घालून म्हटली जायची. पुढं मी जालन्याला शिकायला गेले तेव्हा तिथल्या चर्चमध्ये तीच भजनं नीट सुरात ऐकली आणि मला ती चुकीची वाटली.

पहिलं भजन झालं की साक्षी व्हायच्या. ज्याला देवाचे उपकार सांगायचे असतील त्यानं उभं राहायचं आणि चार शब्द बोलायचे. कुणाचा ताप उतरला, कुणाची शेळी सापडली. शिमोनकाकांची साक्ष मात्र कायमची ठरलेली. तरुणपणी एका मारक्या बैलानं त्यांना शिंगावर घेतलं आणि प्रभूनं त्यांना कडब्याच्या गंजीवर अलगद टाकलं. दर रविवारी तोच बैल, तीच गंजी. आम्ही पोरं ओठ हलवून त्यांच्याबरोबर ती साक्ष म्हणायचो, आणि पाळकसाहेबांना ते दिसायचं, पण त्यांना स्वतःला हसू आवरत नसल्यामुळे ते आम्हाला काही म्हणत नसत. पाळकसाहेब अंगानं किडकिडीत, आवाजानं मऊ. त्यांच्या बायकोला आम्ही पाळकीणबाई म्हणायचो. त्या मात्र भारदस्त, आणि मंडळी खरी चालायची ती त्यांच्या भुवईवर.

मुठीचं धान्य ओतायची आमची एक रीत होती. शेवटच्या रविवारी वेदीसमोर एक मोठं टोपलं ठेवायचे. भजन सुरू व्हायचं आणि सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग बायका रांगेनं एकेक पुढं जायच्या, टोपल्यात मडकं पालथं करायच्या आणि मागं यायच्या. ओतणारीचे डोळे तेवढे उघडे. कुणी किती घातलं हे कुणी पाहायचं नाही. श्रीमंताला मिरवता येऊ नये आणि गरिबाला लाजावं लागू नये, म्हणून कुण्या जुन्या पाळकानं ती रीत घातली होती म्हणे. आवाजावरून अंदाज यायचाच, कान काही मिटता येत नाहीत. मायचं मडकं ओतलं की सर्रर्र असा लांब आवाज यायचा आणि मी डोळे मिटूनच फुशारून जायचे. भजन संपलं की पाळकसाहेब त्या ढिगावर प्रार्थना करायचे, आणि त्या महिन्यात ज्या घराला नड असेल तिथं पाळकीणबाई तो ढीग पोचवायच्या.

मग ते दुष्काळाचं साल आलं. दुष्काळावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी फक्त आमच्या चुलीपुरतं लिहिते. बापू ज्या जिनिंगवर कामाला होते तिथं कापूसच येईना, म्हणून ते लांब कुठं तलावाच्या कामावर गेले आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायला लागले. माय खडी फोडायला जाऊ लागली. चूल माझ्याकडं आली. मी तेरा-चौदा वर्षांची, आणि माझा धाकटा भाऊ याकोब सहाचा. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी करपट लाल व्हायची, थंड झाली की वहाणेसारखी. माय पहाटे निघताना एकच गोष्ट रोज सांगून जायची, की मूठ चुकवू नको. बाकी कालवण कर की नको कर, तिचं काही म्हणणं नसायचं.

मी मूठ चुकवली नाही, आधी नुसती लहान केली. मायचा पंजा मोठा, माझा लहान, त्यात माझा काय दोष, असं मी मनाशी म्हणायचे. मग बोटं सैल धरायला लागले. मग संध्याकाळची मूठ विसरायला लागले. आणि एका दुपारी याकोब भूक भूक करत होता तेव्हा मी मडक्याच्या गळ्याची चिंधी सोडली, दोन मुठी काढल्या आणि तव्यावर भाजल्या. मिलोच्या लाह्या धड फुटतसुद्धा नाहीत. पण त्या कडकड आवाजाला आणि त्या वासाला आम्ही दोघं वेडे झालो. इथं एक कबूल करते. ही गोष्ट मी आयुष्यात पाच-सात वेळा लोकांना सांगितली आणि दर वेळी सांगितलं, की भावासाठी केलं. याकोब आता नाही. त्याच्या माघारी तरी खरं लिहावं. लाह्या मीच जास्त खाल्ल्या. त्याला चार दिल्या असतील तर स्वतः आठ घेतल्या, आणि मायला सांगशील तर बघ, असा वर दम भरला. अळीमिळी गुपचिळी.

महिना संपत आला तेव्हा मडक्याचा तळ जेमतेम झाकलेला होता. त्याच आठवड्यात मायच्या पायावर खडीचा मोठा तुकडा पडला, पाय सुजला, आणि रविवारी मडकं घेऊन मीच जायचं असं ठरलं. शनिवारी मी रेशनच्या दुकानामागं गेले. तिथं पोती उतरवायचे, आणि फाटक्या पोत्यांतून सांडलेलं धान्य मातीत मिसळून पडलेलं असायचं. त्याला मातेरं म्हणतात. दाणे असतात, पण त्याच्या तिप्पट माती, खडे, गोणपाटाची सुतळी आणि उंदराच्या लेंड्या. ते मी परकराच्या ओच्यात भरून आणलं. मडक्यातली चांगली ज्वारी बाजूला काढली, तळाला मातेरं घातलं आणि वर ती ज्वारी नीट पसरली. वरून पाहिलं तर भरलेलं मडकं. स्वतःच्या अकलेवर मी खूश झाले. पण मडकं पालथं घातलं की तळाचं वर येतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. रोज पाणी भरणाऱ्या, रोज भांडी उपडी घालणाऱ्या मुलीच्या डोक्यात आली नाही. पापाला शहाणपण कमीच असतं.

रविवारी मी रांगेत मागं मागं राहिले. माझ्यामागं एकटी सोनामावशी. ती वाटूरकडची. नवरा वारल्यावर भावाच्या आसऱ्याला आमच्या गावात आली होती, आणि मग भाऊच कामाच्या शोधात निघून गेला. शिंदीच्या केरसुण्या बांधून विकायची. मायबरोबर खडी फोडायला जायची, तिथंच दोघींचं सूत जमलं आणि मायच्या संगतीनं ती चर्चला यायला लागली. अजून बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून आपणहून सगळ्यांच्या शेवटी उभी राहायची. खडी फोडताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती आणि महिनाभर काम बंद होतं. त्या महिन्याचा ढीग तिच्याच घरी जायचा होता, हे पाळकीणबाईंनी आधीच ठरवलं होतं. भजन सुरू झालं. मी पुढं गेले आणि मडकं पालथं केलं. आधी ज्वारी पडली, सर्रर्र. मग भसकन माती. मी मडकं तसंच उचललं आणि जागेवर येऊन डोळे गच्च मिटले. माझ्यानंतर सोनामावशीच्या डब्याचा आवाज आला, इतका थोडा की भजनात ऐकूसुद्धा यायला नको. तिची ती एवढीशी मूठ माझ्या मातेऱ्यावर पडली. त्या मुठीनं काही झाकलं गेलं नाही.

डोळे उघडले तर ढिगाच्या माथ्यावर माती, सुतळी आणि लेंड्या. सगळ्यात वर म्हणजे सगळ्यात शेवटी ओतलेलं, आणि शेवटी कोण ओततं ते सगळ्यांना ठाऊक. शिमोनकाका पुढंच बसलेले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. त्यांनी ढिगाकडं पाहिलं, मग वळून सोनामावशीकडं पाहिलं आणि बोट दाखवून म्हणाले, "देवाला मातेरं घालून राह्यली का बाई?" पाळकसाहेबांनी घाईनं प्रार्थना उरकली. सोनामावशीनं डबा पदराखाली घेतला आणि ती निघून गेली. मी सतरंजीची दशी ओढत बसले. तेव्हा तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो गेला आणि मग तोंड उघडणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं.

दुसऱ्या दिवशी पाळकीणबाईंनी ढीग पोत्यात भरून तिच्याकडं पाठवला. तिनं परत केला. ज्या मंडळीला मी मातेरं घालते त्या मंडळीचं धान्य मला नको, एवढाच निरोप. पोतं पाळकसाहेबांच्या पडवीत जसंच्या तसं पडून राहिलं. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, तिचा बाप्तिस्मा व्हायचा होता. त्याच दिवशी माझं दृढीकरण होतं. म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या पोरांनी मोठेपणी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर घ्यायला, गुडघे टेकायचे. त्याचा वर्ग पाळकसाहेब बुधवारी दुपारी त्यांच्या घरी घ्यायचे. दहा आज्ञा, मतांगीकार म्हणजे विश्वासाची कबुली, सगळं मला तोंडपाठ. पण प्रभूच्या प्रार्थनेत जिथं भाकरीचं मागणं येतं तिथं माझी गाडी अडायला लागली. समोर पडवीत ते पोतं दिसायचं. पाळकसाहेबांना वाटलं, पोरीला उपाशीपोटी चक्कर येते. त्यांनी त्यांच्या वाटचा गूळ मला खायला दिला. तो मी खाल्ला.

त्याच सुमारास बायकांची प्रार्थना आमच्या घरी झाली, कारण मायला चालवत नव्हतं. प्रार्थनेनंतर विषय निघालाच. कुणी म्हणालं, नवीन माणूस, तिला काय कळतं. कुणी म्हणालं, स्वतःलाच मिळणार होतं तरी माती घातली, खाल्ल्या ताटात छेद करणारी बाई. माय पाय लांब करून भिंतीला टेकून बसली होती. ती सहसा वादात पडत नसे. त्या दिवशी म्हणाली, "सोना तसं करायची न्हाई. मी तिच्याजवळ बसून सहा महिने खडी फोडली. आन् तुमाला कुणाचं तरी नाव लावायचंच आसंल, तर ते मातेरं माझ्या घरचं समजा." मी चुलीजवळ उकिडवी बसून चहा गाळत होते. पाळकीणबाईंनी भुवई वर केली. माझ्या हातातलं फडकं कपात पडलं, आणि मायनं मला आंधळी म्हटलं.

त्यानंतर मला घरात राहवेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरंच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोनामावशीच्या घरी गेले. नाल्याच्या कडेला तिचं कुडाचं घर. ती दारात बसून केरसुणी बांधत होती, डाव्या हातानं आणि दातानं, कारण उजव्याची दोन बोटं अजून चिंधीत होती. मी उभ्या उभ्या सगळं एका दमात सांगितलं. लाह्या, मातेरं, रांग. तिनं दातातली शिंदीची पाती सोडली नाही. माझं संपल्यावर सोडली आणि विचारलं, "कुटून आणल्तं मातेरं?" मी म्हटलं, रेशनच्या दुकानामागून. तिनं शेजारचं सूप पायानं माझ्याकडं सरकवलं. सुपात लाल मिलो आणि माती. "हे बी तिथलंच," ती म्हणाली. "हात मोडल्यापासून मी तेच झाडून आणते. आदी पाखडायचं, मंग निवडायचं, मंग पाण्यात घोळायचं. मुठीचं बी ह्यातलंच घातल्तं. दोन दिस निवडलं, एक खडा राहू दिला न्हाई."

मी रडायला लागले. मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. ती उठून आली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, की मला सांगितलंस हे बरं केलंस, आता गप राहा. तुझ्या मायनं माझ्यासाठी चार बायकांत तोंड उघडलं म्हणे, तिची मान खाली घालू नको. खरं सांगते, ते ऐकून मला आधी आनंदच झाला. सुंठेवाचून खोकला गेला. डोळे पुसून मी निघणार, तेवढ्यात ती चूल पेटवायला आत गेली, आणि मी दारातून पाहिलं, तर तिनं निवडलेल्या दाण्यांतून डाव्या हातानं एक मूठ उचलली, डोळे मिटले आणि ती मूठ कोपऱ्यातल्या डब्यात सोडली. मी विचारलं, मावशी, तुम्ही तर चर्चला येत नाही आता. ती म्हणाली, "मी येत न्हाई. पर मुठीनं काय केलंय? तू जाशील तवा घेऊन जाय. तुझ्या मडक्यात घाल, नाव सांगू नको." आणि डब्यातलं सगळं धान्य तिनं माझ्या ओच्यात ओतलं. लाल, स्वच्छ, धुतलेलं. मी ते घेऊन घरी आले, आणि वाटेत मला कळलं की मला गप राहता येणार नाही.

माय दारातच बसली होती. ओच्याकडं बघून म्हणाली, कुठलं गं हे? मी सांगितलं. या वेळी एका दमात नाही, अडखळत. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. मायनं माझा उजवा हात ओढून घेतला, पंजा उघडून पाहिला, जणू तिथं काही लिहिलेलं होतं. तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं एवढंच विचारलं, "आयतवारी मी उभी राहू का तू राहतीस?" मी म्हटलं, मी. "मंग आता भाकरी टाक," माय म्हणाली. मी सोनामावशीचं धान्य मडक्यात ओतलं, पोत्यातून एक मूठ घेतली, होईल तेवढी घट्ट भरली आणि मडक्यात सोडली. मग चूल पेटवली.

रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. पायाखाली सतरंजी असूनही गारठा लागत होता, तोही उन्हाळ्यात. काय बोलले ते शब्द आठवत नाहीत. लाह्यांचं सांगितलं, तेव्हा मागच्या पोरांत कुणीतरी खुदकन हसलं, आणि मातेऱ्याचं सांगितलं तेव्हा कुणीच हसलं नाही. सोनामावशी ते मातेरं निवडून खाते आणि त्यातून मूठ घालते, हे सांगितलं आणि मी खाली बसले. माय पाय घासत पुढं आली आणि माझ्या शेजारी बसली, तिची ठरलेली जागा सोडून. मग शिमोनकाका उठले. पोरांनी सवयीनं ओठ तयार केले. पण काका म्हणाले, "पहिलं बोट म्या दाखवलं. मला माफी पाहिजे," आणि बसले. त्या रविवारी बैल आलाच नाही. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, पण उपदेश केला नाही. पडवीतून ते पोतं स्वतः ओढत आणलं आणि म्हणाले, हे सोनाबाईंचं आहे. ते निवडून द्यायचं काम कुणाचं, ते आता सगळ्यांना कळलंय.

चर्च सुटल्यावर पाळकीणबाई एकट्या तिच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं कुणालाच माहीत नाही, पण परत येताना त्यांची भुवई जागेवर होती. सोनामावशी लगेच आली नाही. आपण क्षमा मागितली म्हणजे समोरच्यानं त्याच दिवशी हसावं, अशी आपली फार अपेक्षा असते. तिनं पोतं तेवढं ठेवून घेतलं. मी रोज दुपारी जाऊन तिच्या दारात सूप घेऊन बसायचे. मी निवडलेलं ती डाव्या तळहातावर घ्यायची, उन्हात धरायची आणि परत सुपात टाकायची. डोळे हायेत का बटनं, असं विचारायची. पाखडायचं कसं, वाऱ्याकडं पाठ कशी करायची, पाण्यात घोळताना हात कसा हलका ठेवायचा, हे सगळं तिनं शिकवलं. दोन आठवड्यांत दृढीकरणाच्या वर्गात मी शिकले नव्हते इतकं तिथं शिकले. प्रार्थना म्हणजे काय, असं मला पुढं शाळेतल्या मुली विचारायच्या, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते सूप यायचं. त्यांना मी काहीतरी दुसरंच उत्तर द्यायचे.

आता जालन्यात राहते. सून पाकिटातलं धान्य आणते, निवडलेलं, धुतलेलं, वर हमी छापलेलं. मी तरी ते ताटात पसरते. आई, त्यात काही नसतं हो, ती म्हणते, आणि मला चष्मा आणून देते. पोरगी गुणाची आहे. माझं मडकं आता स्टीलचा डबा झालाय, पण काडी ओढायच्या, म्हणजे गॅसचा खटका दाबायच्या आधी, मूठ पडते. नातीनं एकदा विचारलं, एवढ्याशा मुठीनं कुणाचं पोट भरतं? मी तिला सोनामावशीची गोष्ट सांगितली. त्या वेळीसुद्धा लाह्या भावासाठीच भाजल्या होत्या.

दुष्काळातल्या त्या सणाच्या आधी प्रभुभोजनाच्या भाकरीचा प्रश्न आला. दर वर्षी गव्हाची पोळी असायची, त्या साली गहू कुठला. पाळकीणबाई म्हणाल्या, त्या पोत्यातलं देणार असेल तर सोनाबाईनंच भाकरी करावी. कुणीतरी शंका काढली, की तिचा अजून बाप्तिस्मा व्हायचाय. शिमोनकाका म्हणाले, की भाकरीला बाप्तिस्मा लागत नाही. सोनामावशीनं हो म्हटलं. मी शेवटचं सूप निवडलं आणि तिनं दळलं. सणाच्या पहाटे रुळाचा तुकडा वाजला, कुत्री आली, मग माणसं आली, आणि सगळ्यांमागून सोनामावशी आली, फडक्यात भाकरी बांधून. पाळकीणबाईंनी तिला हाताला धरून पुढच्या सतरंजीवर बसवलं. तिचा बाप्तिस्मा झाला, डोक्यावरचं पाणी कपाळावरून ओघळलं, तिनं ते पुसलं नाही. माझं दृढीकरण झालं. मग आम्ही दोघी वेदीपुढं शेजारी शेजारी गुडघे टेकून बसलो. पाळकसाहेबांनी लाल भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, मग तिच्या हातावर. मी तो तोंडात घातला आणि चावला.

कचकन दाताखाली खडा आला. इतका मोठा आवाज, की मला वाटलं मंडळीला ऐकू गेला. सोनामावशीनं मान न वळवता, डोळे मिटलेलेच ठेवून, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "राह्यला का एक?"

मी मान हलवली.

"गिळ," ती म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, महिन्याभरात पहिल्यांदा. मी गिळला.